काचेआडचे दात

चहाच्या वेळेला ग्रंथपाल बाथरूमच्या दाराशी बसकण मारून नव्या वॉशिंग मशीनच्या गोल काचेतून आत पाहत होते. आत फेस होता, पांढरा शर्ट होता आणि मधूनच शर्टाच्या बाहीआडून त्यांचे स्वतःचे दात, वरचे आणि खालचे, हसत हसत समोरून जात होते. संध्याकाळी इमारतीची सभा होती. अध्यक्षपदाच्या निवडणुकीला ग्रंथपाल पुन्हा एकदा उभे होते, आणि भाषण करायला लागणारं मुख्य साहित्य मशीनमध्ये गरगर फिरत होतं.

याआधी ते दोनदा सपाटून आपटले होते. दोन्ही वेळा पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी त्यांना पाडलं होतं. तसे ग्रंथपाल माणूस सरळ, हिशेबाला चोख. पण आयुष्यभर वाचनालयात लोकांना गप्प बसवता बसवता त्यांच्या पोटात जे साठलं होतं, ते निवृत्तीनंतर बाहेर पडू लागलं होतं. गच्चीवरची टाकी गळते असं कुणी म्हणालं, की ते माणसाने पाणी साठवायला कधी सुरुवात केली तिथपासून सांगायला घेत. जिन्यात त्यांची चाहूल लागली की भल्याभल्यांना गॅसवर ठेवलेलं दूध आठवायचं.

मशीनची निवडही याच स्वभावाने झाली होती. जुन्या, वरून कपडे टाकायच्या मशीनवर बायकोचा राग होता. ती शिवणकाम करायची आणि ते मशीन कपड्यांना पीळ घालून त्यांचे हातपाय एकमेकांत अडकवायचं. दुकानात तिने समोरून उघडणाऱ्या एका मशीनमध्ये हात घातला, कोटाचं अस्तर चाचपावं तसा आतला ड्रम चाचपला आणि म्हणाली, "हेच घ्या." ग्रंथपालांनी मात्र दुकानदाराला खुर्ची आणून बसायला लावलं आणि प्रत्येक मशीनच्या प्रत्येक प्रोग्रॅमची चौकशी केली. शेवटी घेतलं बायकोने सांगितलं तेच, पण त्याचा एक प्रोग्रॅम दुकानात सगळ्यात लांबलचक आहे याची खात्री पटल्यावर. जे लांबलचक ते परिपूर्ण, असं त्यांचं ठाम मत होतं.

घरी आल्यावर त्यांनी माहितीपुस्तिका जेवणाच्या टेबलावर सर्वांना मोठ्याने वाचून दाखवली. सून वाढत होती, मुलगा मान खाली घालून जेवत होता. "एकदा सुरू झालं की मध्येच दार उघडत नाही," ग्रंथपाल घास हातात धरून म्हणाले. "शिस्त म्हणतात ती ही. वाचनालयात मी हेच तर सांगत आलो."

सभेच्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी नेहमीसारखे दात काढले, रुमालात गुंडाळले आणि शर्टाच्या खिशात ठेवले. दात वाटीत ठेवणं त्यांना असभ्य वाटायचं. अंगावरचा तो पांढरा शर्ट संध्याकाळी घालायचा होता म्हणून धुणं भागच होतं. बायको गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेली होती. एरवी खिसे तपासायचं काम तिचं. ग्रंथपालांनी शर्ट आत टाकला, सगळ्यात लांबलचक प्रोग्रॅम लावला, पाणी सगळ्यात गरम ठेवलं आणि घरात एकही लहान मूल नसताना लहान मुलांसाठी असलेलं कुलूपही लावून टाकलं. मग भाषणाची तालीम करायला ते आरशासमोर उभे राहिले. "मित्रहो" म्हणायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली.

बायको परत आली तेव्हा नवरा जमिनीवर बसलेला.

"काय झालं? चक्कर आली का?"

ग्रंथपालांनी काचेकडे बोट दाखवलं. ती वाकली, नीट बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई, हे तर ओळखीचे दिसतात."

सून धावत आली. तिने सगळी बटणं दाबून पाहिली. मशीन ढिम्म. "बाबा, लॉक लावलंत होय? आता काढायचं कसं? पुस्तिका कुठाय?"

ग्रंथपालांनी केविलवाण्या चेहऱ्याने बोट खालच्या मजल्याकडे केलं. डॉक्टरही मशीन घेणार होते, त्यामुळे पुस्तिका त्यांना वाचायला दिली होती. रीतसर कार्ड करून.

"मग आणते की जाऊन."

ग्रंथपाल दोन्ही हात पसरून दारात आडवे झाले. तोंडातून फ आणि भ यांचा एक लांबलचक प्रवाह बाहेर पडला. इतक्या वर्षांच्या संसारामुळे बायकोला तो अक्षरन् अक्षर कळला. "म्हणतात, डॉक्टरांना कळता कामा नये. दात त्यांनीच बनवलेत. भर सभेत सांगतील, स्वतःचे दात सांभाळता येत नाहीत, इमारत काय सांभाळणार."

"मग प्लग काढू?"

प्लग काढला. मशीन थांबलं. दार तसंच बंद. दात काचेला येऊन टेकले आणि स्वस्थ हसत राहिले.

"पाणी गार झाल्याशिवाय दार सुटायचं नाही," बायको म्हणाली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"यांनीच. जेवताना. गोड खाईपर्यंत सांगत होते."

प्लग पुन्हा लावला आणि मशीन जिथे थांबलं होतं तिथून इमानदारीत पुढे सुरू झालं. सभेची वेळ झाली. ग्रंथपाल खरंच रडवेले झाले होते. बायकोने त्यांना निळा शर्ट घातला आणि बटणं लावता लावता बजावलं, "तोंड उघडायचं नाही. कुणी विचारलं तर मान हलवा. बाकी मी बघते."

सभा खाली गाड्या लावायच्या जागेत भरली होती. आधी ग्रंथपालांना बोलायला सांगितलं, त्यांनी मानेनेच नकार दिला, म्हणून डॉक्टर उभे राहिले. एरवी ते चार वाक्यांत आटपायचे, कारण लांबण लावायचं काम ग्रंथपाल परस्पर करायचे. पण या खेपेला डॉक्टर ग्रंथपालांच्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर तयार करून आले होते. मुद्दे आलेच नाहीत, तरी उत्तरं होती ती द्यायलाच हवीत. "माझे विरोधक म्हणतील की लिफ्ट बंद आहे," ते म्हणाले. सगळ्यांनी विरोधकांकडे पाहिलं. विरोधक शांत. "ते म्हणतील, टाकीचं काय?" विरोधकांनी मान किंचित हलवली. बऱ्याच वेळाने डॉक्टर लिफ्टच्या इतिहासापाशी पोचले तेव्हा मागच्या रांगेत जांभया सुरू झाल्या होत्या आणि एकीला दूध आठवलं होतं.

मग गाड्यांवरून भांडण पेटलं. कोण कुणाच्या जागेत गाडी लावतो यावरून एकदम पाचसहा जण उठून उभे राहिले, आवाज चढले, खुर्च्या सरकल्या. ग्रंथपालांना राहवेना. बोलता तर येत नव्हतं. त्यांनी आयुष्यभराच्या सवयीने उभं राहून चष्म्यावरून एकेकाकडे पाहिलं आणि बोट ओठांवर ठेवलं.

सभा चिडीचूप झाली. त्यांनी बोटानेच पहिल्याला बोलायला सांगितलं, मग दुसऱ्याला. दोघांनी आपापलं म्हणणं मांडलं आणि ऐकून घेणारं कुणीतरी आहे म्हटल्यावर दोघांचा राग ओसरला. दोन्ही गाड्या आपोआप आपापल्या जागी गेल्या.

"बघा," तळमजल्यावरच्या नर्सबाई म्हणाल्या, "या इमारतीत पहिल्यांदा कुणीतरी दुसऱ्याचं ऐकलं. माझं मत यांनाच."

हात वर झाले. डॉक्टरांच्या बाजूने डॉक्टर, त्यांची बायको आणि एक झोपेतून दचकून उठलेले आजोबा, एवढेच. ग्रंथपाल अध्यक्ष झाले. टाळ्या थांबेनात. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मित्रहो म्हणायची ऊर्मी त्यांनी मोठ्या कष्टाने गिळली.

अभिनंदनाला आलेले डॉक्टर मात्र त्यांच्या गालांकडे बघत राहिले. त्यांनी ग्रंथपालांच्या बायकोला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "वहिनी, दात कुठायत?"

"धुवायला टाकलेत," बायकोने खरं ते सांगितलं.

रात्री मशीनचं दार उघडलं. दात कधी नव्हे इतके पांढरेशुभ्र निघाले होते. पण त्या कढत पाण्यात वाकडे झाले होते आणि तोंडात बसायला तयार नव्हते.

सकाळी बेल वाजली. डॉक्टर दारात, एका हातात पुस्तिका, दुसऱ्या हातात माप घ्यायची पेटी. "वहिनी, नवे दात करून देतो. फुकट. रात्रंदिवस बसतो, पण परवापर्यंत देतो."

"एवढी कसली घाई, भावोजी?"

"घाई कशी नाही? अध्यक्षांना बोलता आलं पाहिजे. त्यांनी पूर्वीसारखं भरपूर बोलावं. दर आठवड्याला सभा घ्यावी, लोकांना ऐकू द्यावं."

बायकोने वळून नवऱ्याकडे पाहिलं. ग्रंथपाल आरामखुर्चीत बसले होते. सकाळपासून दोन बिऱ्हाडं त्यांच्याकडे तक्रार घेऊन आली होती आणि त्यांनी नुसती मान हलवल्यावर आपसात मिटवून समाधानाने परत गेली होती. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. मग दातांशिवाय स्वच्छ म्हणता येईल असा एक शब्द त्यांनी सावकाश उच्चारला.

"नको."

इतक्या वर्षांत नवऱ्याने एका शब्दात उत्तर दिल्याचं बायकोने कधी ऐकलं नव्हतं. तिला त्यांचा एकदम अभिमान वाटला.

"अहो, पण ते जेवणार कसं?" डॉक्टर काकुळतीला आले.

"मऊ शिजवून घालते मी," ती त्यांच्या हातून पुस्तिका घेत म्हणाली. "तुम्ही अगदी सावकाश करा, भावोजी. पुढची निवडणूक जिंकली की माप द्यायला पाठवते."