मडगार्डला तीन हात

सासऱ्यांची जुनी फियाट नीट करून देतो, असं भूपेंद्र आपणहून बोलून बसला. गोंदियात त्याचं हार्डवेअरचं दुकान. खिळे आणि बिजागऱ्या विकणाऱ्याला गाडीतलंही सगळं कळतं, असा त्याचा आपला समज! चार महिने तो गाडीखाली पडून होता. चाकांवरच्या मडगार्डांचा आतला गंज त्याने खरवडून काढला, आणि पुन्हा धरू नये म्हणून डांबरासारख्या काळ्या लेपाचे तीन हात दिले. आत कुठे कुठे बारीक भोकं दिसली. कारखानेवाल्यांचा हा गलथानपणा पाहून त्याला हसू आलं. त्याने प्रत्येक भोक लेपाने ठासून बुजवलं.

"मामाजी, आता थेंब नाही शिरत अंदर," तो केशोरावांना म्हणाला.

सासरे खूश झाले. धाकट्या मुलीच्या, दामिनीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, व्याह्यांना स्टेशनवरून मुर्री गावातल्या घरी आणायचं ते याच गाडीतून, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्या सकाळी भूपेंद्रने पाइप लावून गाडी धू धू धुतली. आता, पुढच्या काचेखालच्या जाळीतून आत गेलेलं पाणी मडगार्डातल्या त्याच भोकांतून खाली निघून जातं, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? पाणी आत साचून राहिलं.

व्याही परसराम पांढरीशुभ्र पँट घालून पुढे बसले; नवरा मुलगा आणि बाकीची मंडळी दुसऱ्या गाडीने निघाली. मंडप दिसू लागला तसे ते म्हणाले, "लय उकडून राहिलं जी. हवा येते का काही?"

"येते म्हणजे! असली हवा तर नव्या गाडीत नाही," म्हणत भूपेंद्रने समोरची हवेची झडप ऐटीत उघडली. भळ्ळकन बादलीभर पाणी व्याह्यांच्या मांडीवर कोसळलं.

तोवर गाडी मंडपाशी पोचलीच होती. केशोरावांनी लगबगीने दार उघडलं. व्याही उतरले, बँड वाजू लागला, आणि सगळ्यांच्या नजरा खाली गेल्या. बायकांच्या हातातलं ओवाळणीचं ताट जागीच थांबलं.

"गाडीतून पाणी सांडलं जी!" परसराम कळवळून म्हणाले.

"हो जी, हो जी," केशोराव समजूतदारपणे म्हणाले. "उमर झाली का होते असं. अरे, टॉवेल आणा!"

भूपेंद्र स्टिअरिंग धरून बसला होता. बोलावं, तर चार महिन्यांच्या बढाया मातीत. न बोलावं, तर निर्दोष म्हातारा बदनाम. आणि तो बोलला नाही! व्याही मांडीवर टॉवेल घेऊन एकटेच कूलरसमोर बसले. त्यांचा स्वतःचा मुलगासुद्धा त्यांच्याकडे बघेना. शेवटी ते उठले आणि मुलाला म्हणाले, "चाल, घरी जाऊ. इथं नाही होत सोयरीक."

दामिनीचा चेहरा पडला. भूपेंद्रला स्वतःची इतकी लाज वाटली की तो धावतच मंडपात शिरला.

"थांबा जी! चूक माझी हाय. मीच भोकं बुजवली, म्हणून पाणी आंगावर आलं!"

 केशोरावांचे डोळे भरून आले. "जावई असावा तर असा! इवायाची इज्जत वाचवाले आपल्या माथ्यावर घेऊन राहिला!"

लोक माना डोलावू लागले. लग्न झाल्यापासून रुचीने नवऱ्याकडे इतक्या कौतुकाने कधी पाहिलं नव्हतं. भूपेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने सगळ्यांना गाडीजवळ नेऊन झडप उघडून दाखवली. आतून गरम वारा तेवढा आला. कुणीतरी प्रेमाने त्याची पाठ थोपटली.

मग मात्र त्याने झडप बंद केली, दोन बादल्या पाणी आणलं आणि काचेखालच्या जाळीत ओतलं.

"काऊन जी, काय करून राहिले?" रुची ओरडली. "कपडे नवे हायेत!"

तो व्याह्यांच्या जागेवर जाऊन बसला आणि दात-ओठ खात त्याने झडप उघडली. पाणी त्याला कमरेपासून गुडघ्यापर्यंत भिजवून गेलं.

"म्हणजे... इवाई खरं बोलून राहिले होते?" केशोरावांनी विचारलं.

"हो, मामाजी."

केशोराव हात जोडून व्याह्यांकडे वळले. रुचीच्या चेहऱ्यावरचं कौतुक उतरलं. पोरं तर मोबाइल काढून उभीच होती. भिजल्या पँटने जावं कुठे, भूपेंद्रला समजेना.

 परसराम परत कूलरपाशी गेले, आपली खुर्ची थोडी सरकवली आणि शेजारी दुसरी ओढून घेतली.

"या जवाई, बसा," ते म्हणाले. "पाय जरा फाकवून बसा. लवकर वाळते."