चोपदाराची सुरुवात

"निगा रखोऽऽ मेहेरबान! वाशाळ्याचे नवसू लखमा, बांधाच्या तक्रारीसाठी, हुजुरांसमोर दाखल होत आहेत होऽऽ!"

ही ललकारी दरबारातली नव्हे. मोखाड्याच्या कचेरीतली, सोमवारी सकाळी साडेदहाची. आपल्यामागून नवसू लखमा नावाचा कोणी सरदार येतोय, असं समजून खरा नवसू अदबीनं बाजूला सरकला. आत महालकरी साहेबांच्या बशीतला चहा नकाशावर सांडला आणि तालुक्याला एक नवी नदी मिळाली.

ओरडणारे होते आमचे शिपाई, गंगाराम चोपदार. संस्थान होतं तेव्हा जव्हारच्या दरबारात ते वर्दी देत. अंगात लाल अंगरखा, हातात चांदीचा दंड. मग संस्थान विलीन झालं. मोठ्यांचं काय झालं ते मोठे जाणोत. गंगारामांचं मात्र एका कागदासरशी आमच्या कचेरीत विलीनीकरण झालं. दंड सरकारजमा झाला, म्हणून त्यांनी छत्रीच्या दांड्याला बेगड चिकटवली. धो धो पावसात ते भिजत येत, पण छत्री उघडत नसत. "दंड कोणी उघडतं का?" असं वर आम्हालाच विचारत.

आणि आवाज! ते मोखाड्यात ओरडले की कचेरीची कौलं सरकत आणि चार कोस लांब खोडाळ्यात बैल कान टवकारत. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. साक्षीदार शेवटी हजर करतो.

साहेबापुढं बोलायचं म्हटलं की आमच्या डोंगरातल्या माणसाची जीभ टाळ्याला चिकटे. मी तर कारकून, शिकलेला. पण एकदा रजा मागायला आत गेलो आणि साहेबांचे कपडे धोब्याकडे टाकायचं काम घेऊन बाहेर आलो. ते पाहून गंगारामांनी कचेरीच्या ओट्यावर शिकवणीच सुरू केली. "आधी नाव, मग गाव, मग छाती," हा त्यांचा मंत्र. "सुरुवात दणक्यात झाली की बाकीचं किरकोळ."

शिकवणीचा गुण आला. माणसं आत जाऊन नाव गर्जत, गाव गर्जत, छाती काढत, आणि कशासाठी आलो ते साफ विसरून परत जात. तक्रारी निम्म्यावर आल्या. साहेबांना वरून शाबासकी मिळाली.

गंमत अशी, की दिवसभर दुसऱ्यांच्या सुरुवाती करून देणारा हा माणूस स्वतःसाठी कोणाशी अवाक्षर बोलत नसे. खानावळीत भाकरी हवी असली तर थाळी वाजवी. "चोपदार वर्दी देतो, बोलत नाही," एवढंच म्हणे.

एका बाजाराच्या दिवशी यादीत नाव आलं: धर्मा हरी, खोडाळा. गंगारामांनी छत्री उभी धरली, छाती भरली, तोंड उघडलं, आणि आवाजच नाही. कचेरीत अशी शांतता पडली की साहेब घाबरून बाहेर आले. पिकल्या मिशांचा एक शेतकरी उठला, आपला आपण आत गेला, काम उरकलं आणि गंगारामांकडे न बघता पायऱ्या उतरला.

"माझा दादा तो," गंगाराम म्हणाले.

मग तुकड्यातुकड्यानं सगळं निघालं. आई शेवटच्या दुखण्यात असताना धर्मा खोडाळ्याहून चालत जव्हारला, दरबाराच्या दाराशी आला होता. त्या दारात चोपदारानं घरचं बोलायचं नाही, असा रिवाज. गंगारामांनी सख्ख्या भावाला ओळखही दिली नाही, ललकारी दिली, "खोडाळ्याचा एक इसम अर्ज घेऊन आला आहे होऽऽ!" तो इसम तिथूनच मागं फिरला. आई गेल्याचं गंगारामांना चार दिवसांनी बाजारात कळलं. तेव्हापासून बारा वर्षं दोघांत शब्द नाही.

"भाऊसाहेब," ते मला म्हणाले, "सुरुवात कशी करायची हो?"

मी त्यांचा सगळ्यात ढ चेला. मी काय सांगणार? त्यांचंच त्यांना परत केलं: आधी नाव, मग गाव, मग छाती.

रविवारी मला सोबत घेऊन ते खोडाळ्याला निघाले. वाटभर तालीम चालली होती. ती ऐकून दोन रानडुकरं जंगलातून बाहेर येऊन शरण आली, पण आम्हाला घाई होती.

धर्मा अंगणात सूप उंच धरून नागली उफणत होता. गंगारामांनी कुंपणाच्या कुडाबाहेर छत्री टेकली. नाव राहिलं, गाव राहिलं, छाती तर वीतभर आत गेली. नुसते ओठ हलले. मी हातभर अंतरावर उभा. शपथेवर सांगतो, मला काही ऐकू आलं नाही. पायाशी टिपणारी कोंबडीसुद्धा हलली नाही.

धर्मानं सूप खाली ठेवलं. आत जाऊन घोंगडी आणली आणि ओटीवर अंथरली. गंगाराम जाऊन बसले. बेगडीची छत्री बाहेर कुडालाच टेकलेली राहिली.

नागलीची भाकर खाऊन निघताना मला राहवेना. मी धर्माला बाजूला घेऊन विचारलं, मी शेजारी असून मला ऐकू आलं नाही, तुम्हाला कसं आलं?

"मोखाड्यातलं रोज ऐकू येतं," तो म्हणाला. "अंगणातलं नाय यायचं?"