साडेनऊ इंचाचा कोन

"यष्टी? माझी सख्खी बहीण मुलाखतीला यष्टीनं जाणार? मग मी दारात गाडी काय पुजायला ठेवलीया?"

राजवर्धनने ही गर्जना केली तेव्हा विश्रामबागेतल्या त्याच्या घरात दोनच श्रोते होते. एक बायको पल्लवी आणि दुसरी बहीण अपेक्षा. अपेक्षाला शिरवळच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत मुलाखतीला बोलावलं होतं. सोमवारी, सकाळी साडेदहाला! पदवी घेऊन दोन वर्षं झाली होती, दोन ठिकाणी नकार आला होता, आणि आटपाडीचे मामा स्थळांची यादी खिशात घालून तयारच बसले होते. पोरीचा सगळा जीव त्या साडेदहावर टांगलेला होता.

"दादा, यष्टी बरी रं. हळू का हुईना, पोचते तरी."

"गप! नऊला शिरवळात उतरवतो तुला. वर नाश्ता!"

आता ही गाडी सेकंडहँड. आधीचा मालक हौशी! त्याने हवा ओढणारी कंपनीची काळी पेटी काढून फेकली आणि तिथे चकचकीत पाइप बसवून घेतला. पाइपाच्या टोकाला सुळक्यासारखा लाल फिल्टर. जाणकार त्याला 'कोन' म्हणतात. गाडी अशी डरकाळी फोडायची की राजवर्धनची छाती चार बोटं पुढे यायची. पण तो कोन आता फाटला होता, आणि सांगलीतला प्रत्येक दुकानदार एकच सांगायचा, "कंपनीचा देतो की! पण तुमच्या पाइपाला बसायचा न्हाई."

शेवटी कुणीतरी साताऱ्याच्या नानासोंचा नंबर दिला. दुकान जुनं, माणूस जाणकार. राजवर्धनने फोन लावला.

"हॅलो! कोन पायजे?"

राजवर्धन थक्कच झाला. न सांगता ओळखलं! याला म्हणतात धंदा!

"व्हय, कोनच पायजे!"

"आवं, तेच इचारतोय. कोन पायजे?"

"कोन!"

"फिरकी घेताय व्हय? कोन पायजे, त्याचं नाव सांगा!"

"नावाचं काय न्हाई. कुठल्या बी कंपनीचा चालंल. लाल असला तर बरं!"

पलीकडे नानासोंनी घरात वळून लेकीला हाक मारली, "सोनिया! आपल्यात लाल कोन हाय गं?"

बऱ्याच वेळाने फिल्टरचा उलगडा झाला. "मग आदी बोलायचं न्हाई का! तोंड केवढं?"

"ओ, तोंड सांभाळून बोला!"

"तुमचं न्हवं वो, पाइपाचं! मापून सांगा. थांबतो."

राजवर्धन पट्टी शोधायला लागला तशी पल्लवी पुढे झाली. "व्हा बाजूला! मापातलं तुमास्नी काय कळतंय?" पल्लवी घरी शिवणकाम करते. तिच्या ब्लाउजाच्या मापात आजवर कुणी खोट काढलेली नाही. गळ्यातला टेप काढून तिने तो पाइपाभोवती छान गोल फिरवला आणि आकडा वाचला. "साडेनऊ. जरा सैल पायजे आसंल तर धा धरा."

"साडेनऊ इंच!" राजवर्धन फोनवर म्हणाला.

"नक्की?"

"आमच्यात मापात चूक हुईत न्हाई!"

"गाडी कसली हाय म्हनायची?"

"लय पावरची!"

"मग हाय एक. खडी क्रशरच्या इंजिनासाठी मागवलेला, चार वर्सं पडून हाय. पाठवतो."

रविवारी संध्याकाळी खोकं आलं. उघडलं तर आत पाणी तापवायच्या बंबाएवढं काहीतरी! त्याच्या तोंडात पाइप तर गेलाच, पण राजवर्धनने घालून पाहिलं तेव्हा त्याचं डोकंही कानांसकट आत गेलं. जुना फिल्टर सकाळीच भंगारवाल्याने नेलेला. दुकानं बंद.

"दादा, मी यष्टीनं—"

"शब्द दिलाय मी!"

मग पल्लवीच्या कपाटातली अस्तराची कापडं बाहेर आली. ती पाइप आणि फिल्टरच्या मधल्या फटीत ठासून भरली, वरून परकराच्या नाड्यांनी आवळून बांधलं. बॉनेट काही लागेना, म्हणून त्याला सुंभाची दोरी! उजाडता उजाडता ही मिरवणूक निघाली.

कराडपर्यंत गाडी बरी होती. पुढे तिला खोकला लागला. उंब्रजनंतर तर दमेकऱ्यासारखी अडखळायला लागली. आधी ट्रक पुढे गेले, मग उसाचे ट्रॅक्टर, आणि शेवटी ज्या यष्टीने अपेक्षा जाणार होती ती यष्टी! अपेक्षा तिच्याकडे बघत राहिली. तिने चार शब्द सुनावले असते तर राजवर्धनला बरं वाटलं असतं.

नानासोंना झाडायचं आणि फिल्टर बदलून घ्यायचा, या निश्चयावर त्याने गाडी कशीबशी साताऱ्यात त्यांच्या दारापर्यंत आणली. तिथे तिने शेवटचा आचका दिला. नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती.

"असला फिल्टर देत्यात व्हय?" राजवर्धन उतरल्या उतरल्या कडाडला.

नानासोंनी शांतपणे दोरी सोडून फिल्टर उतरवला. पाइपात हात घातला आणि ओढायला लागले. आधी इंजिनाने आत ओढलेलं पिवळं अस्तर आलं, मग जांभळं, मग फुलाफुलांचं, आणि शेवटी वीतभर नाडी!

"गाडी हाय का शिंप्याची पेटी? माप कुनी घेतलं?"

"बायकोनं. टेपनं. असं... गोल."

"आवं पावनं, ह्यो घेर झाला! पाइपाचं माप आरपार घेत्यात! तुमचा पाइप तीन इंची हाय!"

राजवर्धनचा सगळा आवेश गळाला. मागे अपेक्षा छातीशी फाइल धरून उभी होती. "दादा, साडेधाला..." एवढंच म्हणाली आणि तिचे डोळे भरले. राजवर्धनला त्या क्षणी जमीन दुभंगावी असं वाटलं.

नानासोंनी एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. खुंटीवरची पिकअपची चावी घेतली.

"कुटं जायचंय, पोरी?"

"शिरवळ."

"बस. तासाभरात गेटावर उतरवतो." मग राजवर्धनकडे वळून म्हणाले, "सोनिया कॉलेजला गेलीया. दुकानात कोन न्हाई. तुमी बसा. गिऱ्हाईक आलं तर परत धाडू नगासा."

पिकअप गेली. ज्या माणसाला आपण भांडायला आलो तो आपल्या बहिणीला घेऊन गेला, दुकान आपल्या भरवशावर टाकून! राजवर्धनने रिकाम्या रस्त्याला हात जोडले. देवळातसुद्धा इतक्या मनापासून जोडले नव्हते. मग त्याने दुकान झाडलं, खोकी पुसली, पाणी भरलं. या माणसाचं काहीतरी फेडायचंच!

तीन वाजता पिकअप परत आली. थांबायच्या आधीच अपेक्षा ओरडली, "दादा, घेतलं! एक तारखेपासनं!"

दहा वाजून पंचवीस मिनिटांनी ती गेटात होती. नानासो बाहेर उन्हात तीन तास थांबले होते, जाताना "घाबरू नगंस, लेकी" म्हणाले होते, आणि बाहेर आल्यावर आधी तिला जेवायला घातलं होतं. राजवर्धनने वाकून त्यांचे पाय धरले.

"उठा वो," म्हणत नानासोंनी फळीवरचा तीन इंची कोन काढला आणि दहा मिनिटांत बसवूनही दिला. गाडीने पुन्हा डरकाळी फोडली.

"नानासो, हे उपकार जन्मात फिटायचं न्हाईत," राजवर्धन डोळे पुसत म्हणाला. "पन थोडं फेडलंय मी! तुमचा त्यो चार वर्सं पडून असल्याला फिल्टर इकला!"

"आँ? कुनाला?"

"वाईचा गडी हुता, आत्ताच गेला. लय खूश झाला! साडेनऊ इंची कोन कुटंच मिळंना म्हनं त्याला!"

"गाडी कसली त्याची?"

"बारकी हुती. माझ्यासारखीच, पाइपवाली."

नानासोंनी हातातला पाना खाली ठेवला.

"आन् त्याचं साडेनऊ... घेर, का आरपार?"

राजवर्धनने कपाळावर हात मारला.

नानासोंनी स्टूल पुढे सरकवलं, त्यावर त्याला बसवलं आणि आपला फोन त्याच्या हातात दिला.

"वाई तासाभराची वाट हाय. मी च्या सांगतो. फोन आला की तुमीच उचला!"