सात पोरं, सगळी बारा वर्षांची

"बारा वर्षांखालच्यांना आत सोडायचं नाही म्हणजे नाही," मैफल भरवणारे विष्णुपंत हॉलच्या दारात हात आडवा धरून म्हणाले.

"आवं पंत, तंबोरे उचलायला हिचे हात चालतात, ऐकायला कान चालत न्हाईत व्हय?" माझा आवाज चढला.

अल्फिया माझी बहीण. वय अकरा. मिरजेत अब्बांचं तंबोऱ्याचं दुकान, तिथं ती सहाव्या वर्षापासनं तारा जुळवते. शेकडो तंबोरे तिच्या हाताखालनं गेले, पण त्यांच्यासंगं कोण गातं ते तिनं एकदाबी समोर बसून ऐकलं न्हवतं. मी आन् अब्बा सांगलीच्या मैफलीला दुरुस्त केलेले दोन तंबोरे पोचवायला निघालो, तर म्हणूनच ही टेंपोत चढली. तिच्या मागनं गल्लीतली सहा पोरं चढली.

पंतांचंबी कारण होतं. मागच्या वर्षी ऐन आलापात एक पोरगं "आई, शू आली" म्हणालं आन् गवई तिथंच थांबले. तवापासनं मैफलीच्या पत्रिकेत नियमच छापतात.

तेवढ्यात शिरवळच्या एसटीडी बूथवरनं फोन आला. गाणाऱ्या शरयूबाई आदल्या दिवशीच आल्या होत्या, पण मागं तंबोऱ्यावर बसणाऱ्या त्यांच्या दोघी शिष्या यष्टी बंद पडल्यामुळं तिथंच अडकल्या होत्या. एक तंबोरा अब्बांनी घेतला. दुसऱ्यावर पंत स्वतः बसले. कॉलेजात शिकलोय, म्हणाले. जरा चढवतो म्हणून त्यांनी खुंटी पिळली आन् तार तुटली. हॉलातली माणसं घड्याळं बघायला लागली.

अल्फिया कुणाला न विचारता आत गेली. मांडी घातली, नवी तार चढवली, दोनदा छेडली, सूर जुळवायचा खालचा मणी जरासा सरकवला. शरयूबाई बघतच राहिल्या.

"हीच बसेल," त्या म्हणाल्या.

पंतांनी मान डोलावली. अल्फियानं न्हाई.

"माझ्यासंगं आलेली भायेर हायत," ती म्हणाली. "ती आत आली तर बसते."

समितीला दाखवायला दारावर पोरांची वयं लिहायची वही होती. पंतांनी पहिल्याला वय विचारलं. सात, तो म्हणाला. त्यांनी बारा लिहिलं. दुसरीचंबी बारा, अल्फियाचंबी बारा. पाच वर्षांच्या दिलशादनं तर न विचारताच बारा सांगितलं.

गाणं सुरू झालं. पोरं चिडीचूप. खोकत होती ती सगळी मोठी माणसं. मी तरी पोरांवर डोळे वटारून बसलेलो, आन् ऐन आलापात दिलशाद उठून उभी राहिली.

"अल्फिया, तुझा तंबोरा बोलायला लागला की गं."

पंतांनी डोळे मिटले. बाई थांबल्या, हसल्या, दिलशादला जवळ बोलावून तिचा कान भोपळ्याला लावला आन् तसंच पुढं गायला लागल्या. अल्फियाची बोटं एकदाबी थांबली न्हाईत. नाक मात्र ती सारखी खांद्याला पुसत होती.

शेवटी बाईंनी माईकवरनंच सांगितलं, उद्या सकाळी दहाला इथंच पोरांसाठी गाणार. किती पोरं आणू, म्हणून मी विचारलं.

"मावतील तेवढी आण," पंतच म्हणाले.

हे काल झालं. तंबोरे तारा नीट बसवायला घरी आणलेत. आज आठ वाजल्यापासनं गल्लीतली एकतीस पोरं टेंपोत बसली होती, एकबी उतरायला तयार न्हवतं, आन् तंबोऱ्यांनाच जागा उरली न्हाई. अब्बा गेले पुढं टेंपोत पोरं घेऊन. ही दोन भोपळ्यांची धुडं काखेत मारून मला या थांब्यावरनं सांगलीची बस धरायचीय. ती बघा, आलीच. मी निघतो.