माझ्या हातचं दार

माझ्या हातचं दार आजवर कुणाला फोडता आलेलं नाही. ही बढाई नाही, लोकच सांगतात. एका गोदामाला मी दार बसवलं होतं, चोरांनी पहार लावून लावून हात दुखवून घेतले आणि शेवटी वैतागून पहार तिथंच टाकून गेले. ती पहार मी अजून वापरतो.

तर असा मी सुतार. शाळेशी माझं नातं एवढंच, की बाकाचा पाय मोडला की मास्तर मला बोलवायचे. अशा माणसाच्या पोटी गाणारी पोर जन्माला आली. नाव काहीही असू दे, घरात सगळे तिला चिमणी म्हणतात. चिमणी कसली, गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून चाललेला माणूस तिचा आवाज ऐकून पाय टेकतो.

चिमणी कॉलेजात गेली आणि तिनं जाहीर केलं की आपण गाण्याच्या नाटकात काम करायचं. तेव्हापासून आमच्या घराचं घरपण गेलं. दात घासताना गाणं, भांडी विसळताना गाणं. मी अंगणात करवत चालवली की आतून ओरडायची, "बाबा, तुमची करवत बेसूर आहे."

आता करवतीला सूर लावायला मी कुणाकडं जाऊ?

ऑडिशनला मी तिला घेऊन गेलो. बाहेर व्हरांड्यात सगळे आईबाप बसलेले, जशी काही आत पोरांची ऑपरेशनं चालली होती. माझ्या शेजारी एक दाताचे डॉक्टर. त्यांचा मुलगाही आत होता. डॉक्टरांजवळ कोमट पाण्याचा थर्मास, मध, टॉवेल आणि गळ्याला गुंडाळायचा रुमाल.

"मिस्त्री, तुम्ही काय आणलंत?" त्यांनी विचारलं.

"पोरीला आणलंय," मी म्हटलं.

चिमणीला मुख्य काम मिळालं. डॉक्टरांच्या मुलाला दुष्ट काकाचं. त्या दिवसापासून रोज जेवताना ती मला नाटकाची गोष्ट सांगायची. मी "हं" म्हणायचो. दिवसभर लाकूड तासून आलेल्या माणसाचा "हं" म्हणजे काय, हे माझ्या बायकोला पक्कं माहीत आहे.

"काय सांगितलं तिनं आत्ता?" ती मध्येच पकडायची.

"हेच की... काका दुष्ट आहे."

"पुढं?"

"पुढं गाणं आहे."

"धन्य तो बाप," बायको म्हणायची आणि माझ्या ताटात न मागता कारल्यासारखा चेहरा वाढायची.

खरी गोम अशी होती, की चिमणीला पुढं मोठ्या नाट्यशाळेत जायचं होतं. तिथल्या दोन परीक्षकांनी तिचं गाणं ऐकलं होतं आणि तोंड भरून काही बोललेच नव्हते. "आवाज चांगला आहे. पण रंगमंचावर उभी कशी राहते ते बघू," म्हणाले. ते कॉलेजातला प्रयोग बघायला येणार आणि त्यावर ठरवणार. प्रयोग एकच, संधी एकच. पोरीची झोप उडाली होती. मला वाटायचं, आपण बाप आहोत, आपणही काहीतरी केलं पाहिजे. पण काय? मध माझ्याच्यानं धरवत नाही, हाताला चिकटतो.

आणि मग मला ते दार दिसलं.

चिमणीला आणायला गेलो तेव्हा तालीम चालू होती. रंगमंचावर एक घर उभं केलेलं. दुष्ट काका रागानं बाहेर आला आणि त्यानं दार आपटलं. दार आपटताच अख्खं घर लुळं पडल्यासारखं हललं, भिंतीवरची खिडकी लाटेसारखी वर-खाली झाली आणि सगळी पोरं हसली.

नाटक बसवणाऱ्या मॅडम कपाळाला हात लावून माझ्याकडं वळल्या. "मिस्त्री, बघा ना. दार आपटलं की घर हलतं. काही करता येईल?"

"हे घर केलं कुणी?"

"मी केलं," मागून डॉक्टर म्हणाले. चेहऱ्यावर असा आनंद, जसं काही राजवाडाच बांधला. भिंत म्हणजे काटक्यांवर ताणलेलं कापड आणि वर चिकटवलेला कागद. आणि दार? पातळ प्लायवूडचं, आणि मधोमध आडवी करवतीची चीर! दोन्ही कडांना पाव बोटभर लाकूड धरून होतं, बाकी दार कापलेलं. माणसानं दात काढावेत, लाकडात कशाला पडावं? विंगेत बघतो तर तसलीच चिरलेली आणखी दारं भिंतीला टेकवून ठेवलेली. म्हणजे एकदा चुकून पोट भरलं नव्हतं, गडी परत परत चुकला होता.

घरी येताना मी म्हटलं, "चिमणे, तुमच्या त्या दाराचं—"

"बाबा," ती एकदम थांबली. "दाराला हात लावू नका. प्लीज."

मागच्या महिन्यात कपाट उचलताना माझी पाठ धरली होती. पोर काळजी करत होती बापाची.

मी ठरवलं, तिला न सांगता करायचं.

बायकोला तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "आधी विचारा तिला."

"अगं, विचारून कुणी आहेर करतं का?"

प्रयोगाच्या दिवशी दुपारी सगळी पोरं रंगरंगोटीला गेली आणि मी हॉलमध्ये शिरलो. चिरलेलं दार काढलं. भरीव लाकडाचं दार बसवलं, त्याच रंगात रंगवून आणलेलं. चौकटीला मागून टेकू दिले आणि थेट खालच्या फळ्यांत पेच मारले. बिजागऱ्या आतल्या बाजूला, म्हणजे बाहेरून कुणाला उचकटता येऊ नयेत. ही माझी खासियत. आणि शेवटी खरं कुलूप. आधी तिथं नुसतं भोक रंगवलेलं होतं, किल्ली फिरवल्याचं नाटक करायचं. मी म्हटलं, नाटकातसुद्धा माणसानं खोटं किती वागावं? किल्ली काकाच्या टोपीत ठेवून दिली. विंगेतली ती चिरलेली दारंही जाता जाता टेम्पोत टाकली, सरपणाला.

संध्याकाळी हॉल भरला. पुढच्या रांगेत ते दोन परीक्षक, एक केस बारीक कापलेल्या बाई आणि एक सतत जांभई दाबणारे गृहस्थ. त्यांच्या मागं मी, बायको आणि शेजारी डॉक्टर.

पडदा वर गेला. चिमणी गायली. खरं सांगतो, घरात डोकं उठवणारी हीच पोर का, असा प्रश्न पडला. मग दुष्ट काका तिला घरात ढकलून बाहेर आला आणि त्यानं दार आपटलं.

काय तो आवाज! बंदूक उडावी तसा. घर तसूभर हललं नाही. जांभईवाले गृहस्थ ताठ बसले. मी डॉक्टरांना कोपरानं ढोसलं.

"ऐकलंत? भरीव."

काकानं टोपीतून किल्ली काढली. खरी किल्ली बघून पोरगं खूश. त्यानं ती कुलपात घालून अशी ऐटीत फिरवली की 'खट्' असा आवाज शेवटच्या रांगेत पोचला. किल्ली कोटाच्या खिशात टाकली आणि मोठ्यानं हसत निघून गेला.

"वा," डॉक्टर म्हणाले. "पण मिस्त्री, आता ती फोडणार कसं?"

"काय फोडणार?"

"दार. अंक संपताना ती दार फोडून गात बाहेर येते ना. म्हणून तर मी मधोमध चीर दिली होती. एका धक्क्यात दोन तुकडे. प्रत्येक तालमीला नवीन दार लागायचं, किती करवती झिजवल्या मी."

पलीकडून बायकोनं माझ्याकडं नुसतं बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात गावकऱ्यांचा घोळका रंगमंचावर आला आणि गाऊ लागला, की बघा बघा, आता दार तुटणार. आतून दारावर धक्का बसला. दार गप्प. घोळक्यानं ओळ परत घेतली. परत धक्का. परत ओळ. पेटीवरची मुलगी तेच तेच वाजवत घाबरून विंगेत बघायला लागली. आता दार तुटणार, आता दार तुटणार, असं ती पोरं इतक्यांदा म्हणाली की पुढच्या रांगेतल्या बाईंनी हळूच घड्याळ बघितलं.

"उठा," बायको म्हणाली.

"कुठं?"

"दार कुणाचं आहे?"

उठलो. पेचकस माझ्या खिशात असतोच, लग्नाला गेलो तरी असतो. बाजूच्या पायऱ्या चढून, वाकत वाकत, गाणाऱ्या पोरांमधून मी दारापाशी गेलो. लोकांना वाटलं, हाही एक गावकरी. बिजागऱ्या बघायला गेलो आणि आठवलं, त्या आत आहेत. मीच बसवल्यात. उचकटता येऊ नयेत म्हणून.

फटीला तोंड लावून कुजबुजलो, "चिमणे."

"बाबा?" आतून आवाज आला. आणि हॉलच्या चारही कोपऱ्यांतून आला. पोरीच्या गालाला माइक चिकटवलेला होता, हे मला कुठं ठाऊक?

"किल्ली कुठाय?"

"काकाच्या खिशात. आणि विंगेतून सांगतायत, काका फाटकाशी मित्रांबरोबर फोटो काढतोय. त्याचं काम दुसऱ्या अंकात आहे." माझं बोलणंही त्या माइकनं फटीतून ओढून घेतलं होतं. लोक हसायला लागले. "बाबा, मी सांगितलं होतं ना, दाराला हात लावू नका?"

"मला वाटलं, माझ्या पाठीमुळं म्हणतेस."

आता हॉल खदखदत होता. घोळका गायचा थांबला. नुसती पेटी वाजत राहिली.

"मागून वळसा घालून ये की."

"बाबा, मी कोंडलेली आहे. कोंडलेली माणसं वळसा घालून येत नाहीत."

"मग खिडकीतून ये."

"खिडकी रंगवलेली आहे, बाबा."

आतून नाक ओढल्याचा आवाज आला. तोही चारी कोपऱ्यांतून. हसणारा हॉल एकदम गप्प झाला. पोरीची एकुलती एक संधी आत कोंडलेली, आणि बाहेर तिचा बाप हातात पेचकस घेऊन उभा, ज्याचा काहीएक उपयोग नाही. दारावर टकटक करून बघितलं. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

टकटक करताना हात घसरून भिंतीवर गेला. भिंत पोटासारखी आत गेली.

"चिमणे," मी म्हटलं, "हे घर केलंय कुणी?"

"डॉक्टरकाकांनी."

"मग दाराच्या नादी कशाला लागतेस?"

मग आतून गाणं सुरू झालं. आधी हळू, मग चढत चढत, पेटीवाली मुलगी मागं धावली, आणि वरचा सूर लागला त्याच वेळी दाराच्या शेजारची भिंत टराटरा फाटली. कागद, काटक्या, रंगवलेली खिडकी, सगळं उधळून चिमणी बाहेर आली. केसांत काटकी, डोळ्यांत पाणी, पण सूर सुईसारखा सरळ. मी बाजूला व्हायला हवं होतं. पण मी तिथंच उभा राहून रडत होतो, आणि तिनं मलाच धरून शेवटचं कडवं म्हटलं.

लोक उभे राहिले. मागं माझं दार ताठ उभं होतं, बंद.

पडदा पडल्यावर परीक्षक बाई आत आल्या. चिमणीला विचारलं, "भिंतीतून यायचं, हे आधीच ठरलं होतं?"

खोटं बोलली असती तर कुणाला कळलं असतं? पण पोर म्हणाली, "नाही. दार फुटायचं होतं. बाबांनी रात्रंदिवस खपून चांगलं करून दिलं, म्हणून फुटलं नाही."

बाईंनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "तरी सूर हलला नाही तुझा," त्या म्हणाल्या. मागोमाग आलेले जांभईवाले गृहस्थ म्हणाले, "बापाचं काम केलेल्या नटाला मात्र हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं."

आठवड्यानं नाट्यशाळेतून फोन आला. चिमणीला घेतलं होतं. त्या दिवसापासून डॉक्टर रस्त्यात कुणीही भेटलं की सांगतात, "ती पोर शिकतेय ना, ती माझ्या भिंतीच्या जोरावर." दाढ काढता काढता पेशंटलाही सांगतात. पेशंट काय बोलणार? आणि मी तरी काय बोलणार, खरंच आहे ते.

परवा तिला वसतिगृहावर सोडायला गेलो. खोली बरी होती, पण दार नीट लागत नव्हतं. वरच्या बिजागरीचा पेच सैल, दार खाली घासतंय. कुणाही भल्या माणसाला बघवलं नसतं. मायलेकी पलंगावर चादर घालत होत्या, पाठ माझ्याकडं. मी हळूच खिशात हात घातला.

खिसा रिकामा.

"तुमचा पेचकस घरी आहे," बायको न वळता म्हणाली. "सकाळीच काढून ठेवलाय."

"मी कुठं काय करतोय," मी म्हटलं. "बघतोय नुसतं."

"बाबा," चिमणी म्हणाली, "बघूपण नका."