घंटाघरापाशी अडकलेले सुमंतराव

सुमंतराव आणि त्यांचा पुण्यातला मुलगा अनिमेष यांचं रविवारचं फोनवरचं बोलणं गॅसवरचं दूध उतू जायच्या आत संपत असे. "जेवलास का?" "अजून नाही, दहाच वाजलेत." "हं. पाऊस?" "नाही. तिकडे?" "इकडे कुठला!" यापुढे दोघं थोडा वेळ एकमेकांचा श्वास ऐकत आणि मग "बरं, ठेवतो" असं एकदमच म्हणत.

यात सुमंतरावांचा फारसा दोष नव्हता. फोन उचलायचा आणि "थांब, हिच्याकडे देतो" म्हणायचं, एवढंच बापाचं काम अशी त्यांची समजूत. आणि नीलांबरीबाई होत्या तोवर ती बरोबरही होती. त्या जाऊन दोन वर्षं झाली तरी जीभ ऐकत नव्हती. एकदा तर "थांब, देतो" म्हणून ते खरोखरच उठले, फोन घेऊन स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि तिथे स्वयंपाकाच्या रंगुबाई भाकरी थापताना दिसल्यावर, आता आलोच आहोत म्हणून, फोन त्यांच्याच कानाला लावला. रंगुबाईंनी पिठाचे हात वर धरून "बोला दादा, लई वाळलाय म्हनं तुमी!" अशी जी सुरुवात केली, ती तव्यावरची भाकरी करपेपर्यंत. सुमंतराव दारात उभे राहून ऐकत होते. आपला मुलगा एवढं बोलतो हे त्यांना नव्यानेच कळलं, आणि ते त्यांना लागलं.

नोकरीत होते तेव्हा त्यांना माणसांचा वीट आला होता. कचेरीत टेबलाभोवती सदा गर्दी. निवृत्त झाल्यावर गर्दी दुसऱ्या टेबलाभोवती गेली आणि सावेडीतल्या त्या घरात दुपारी इतकं सुनं होऊ लागलं की फ्रिज घुरघुरला तरी सोबत वाटे. ते पुढचं दार सताड उघडं टाकून बसत. न जाणो, कुणी डोकावलं तर.

"काका, हे काय शिंगनापूर हाय का? दार लावून घ्या की," रंगुबाई जाताना बजावत. सुमंतराव "हो, हो" म्हणून दार लावत आणि त्या फाटकाबाहेर पडल्या की पुन्हा उघडत. येई कोण, तर शेजारचं मांजर. तेही वास घेऊन परत जाई.

अशात दिवाळीला अनिमेष आला आणि जाताना आपला जुना गेमचा डबा टीव्हीला जोडलेलाच ठेवून गेला. एका दुपारी बातम्या लावायला म्हणून सुमंतरावांनी हाताला आला तो रिमोट दाबला. तो दोन शिंगांचा निघाला आणि पडद्यावर निळसर संध्याकाळ उगवली. काळीभोर झाडं, मागे धुक्यात बुडालेलं गाव, आणि मधोमध लाल छत्री घेतलेला एक बोटभर माणूस. मालिका बरी दिसतेय, म्हणून सुमंतराव पाय वर घेऊन ती सुरू व्हायची वाट पाहू लागले. माणूस काही करेना. जरा वेळाने तो खाली बसला. मग त्याने जांभई दिली. सुमंतरावांनाही आली. चहाची वेळ होईपर्यंत दोघेही एकमेकांची वाट पाहत बसून होते.

चहा ठेवायला उठताना त्यांचा हात रिमोटवर पडला आणि माणसाने टुणकन उडी मारली. त्या दिवशी चहा झाला नाही.

खेळ देखणा होता आणि तितकाच खाष्ट होता. जरा अंगठा चुकला की छत्रीवाला काट्यांत, नाहीतर विहिरीत. पण पडला की लगेच त्याच जागी उठून उभा. कुणी ओरडत नाही, खुलासा मागत नाही, "साधं एवढं जमेना?" म्हणत नाही. आणि दर वेळी सुमंतरावांना मनातून पटायचं की चूक आपलीच होती. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका निस्तरलेल्या माणसाला स्वतःच्या हक्काची चूक मिळाली, की त्याला काय बरं वाटतं ते त्यालाच ठाऊक. शिवाय पुढे काय दिसेल याची ओढ होतीच. डोह ओलांडला की काजव्यांचं रान, रान ओलांडलं की पतंगांनी भरलेलं आभाळ. फुकट मिळालं असतं तर त्यांनी त्या आभाळाकडे मान वर करून पाहिलंही नसतं.

"काका, त्या गरिबाला किती येळा मारताय वो?" रंगुबाईंना बघवत नसे.

"मी कुठे मारतोय? तो पडतोय."

"मग जाऊ द्या की त्याला घरी!"

घरी जायची वाट एका घंटाघरावरून होती. उंच मनोरा, त्यात तीन अजस्र घंटा झोके घेताहेत, एकीवरून दुसरीवर उडी मारत वर जायचं. चार दिवस सुमंतराव तिथे पडत राहिले. शेवटी भर कामाच्या वेळी त्यांनी पुण्याला फोन लावला.

"अनिमेष, ते घंटाघर कसं ओलांडायचं?"

पलीकडून घाबरा आवाज, "बाबा, बरे आहात ना? कुठल्या घंटाघरात आहात तुम्ही?"

"टीव्हीतल्या. तुझ्या त्या छत्रीवाल्याच्या."

"तुम्ही घंटाघरापर्यंत पोचलात?" आवाजच बदलला. "आत्ता... आत्ता जरा गडबड आहे. संध्याकाळी सांगतो."

संध्याकाळी फोन आला आणि अनिमेषने अगदी मन लावून समजावलं. "घंटा लांब जात असताना उडी मारायची नाही, बाबा. तिला आपल्याकडे येऊ द्यायची. आणि छत्री लगेच उघडू नका. पडायला लागलात की मग उघडा." दूध उतू गेलं. सुमंतरावांनी जाऊ दिलं.

मग रोजच संध्याकाळी फोन येऊ लागला. सुरुवात घंटेपासून होई आणि बोलणं कुठेही जाई. बरोबर राहणारा मित्र लग्न करून वेगळा झाला, फ्लॅटवर आता आपण एकटेच, जेवण ओट्यापाशी उभ्यानेच उरकतो, हे सगळं सुमंतरावांना दुसऱ्या घंटेच्या आसपास कळलं. आपणही उभ्यानेच जेवतो हे त्यांनी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून ते ताट घेऊन बसायला लागले.

आणि एका दुपारी छत्रीवाला घंटाघर ओलांडून गेला. सुमंतराव खोलीभर नाचले. ही बातमी कधी एकदा सांगतो असं त्यांना झालं आणि संध्याकाळी फोन वाजताच त्यांनी तो झडप घालून उचलला.

"काय बाबा, जमलं का?"

तोंडाशी आलेला "हो" सुमंतरावांनी गिळून टाकला. हो म्हटलं की संपलं. उद्या काय बोलायचं? पाऊस?

"कुठलं रे," ते म्हणाले. "पडतोच आहे."

एकदा खोटं बोलल्यावर त्याचे लाड पुरवावे लागतात. अनिमेष म्हणाला, रिमोट जुना झाला असेल. त्याने नवा पाठवला. मग म्हणाला, तुम्हाला नीट दिसत नसेल. सुमंतराव निमूट डॉक्टरकडे जाऊन डोळे तपासून आले आणि गरज नसताना थेंब घालू लागले. मग अंगठ्याची शंका निघाली, त्यासाठी कुरिअरने पट्टा आला. तो लावून ते भाजी आणायला गेले तर दुकानदाराने "कुठं पडलात, काका?" म्हणून विचारलं. "घंटाघरावरून" असं सांगता येईना, म्हणून "बाथरूममध्ये" म्हणाले. इकडे खेळ पुढे चाललाच होता. एका बुधवारी छत्रीवाला आपल्या गावात पोचला, त्याने छत्री मिटली आणि एका खिडकीत दिवा लागला. सुमंतरावांचे डोळे भरून आले, आणि ते थेंबांनी नव्हते. सांगायला जवळ रंगुबाईच होत्या.

"पोचला का घरी? बरं झालं बाई!" त्या म्हणाल्या आणि लसूण सोलू लागल्या.

त्याच संध्याकाळी अनिमेष म्हणाला, "बाबा, फोनवर नाही जमणार हे. मी शनिवारी येतो. समोर बसून दाखवतो."

सुमंतरावांना आधी हर्ष झाला आणि लगोलग घाम फुटला. टीव्ही लावला की पहिल्यांदा ती दिवा लागलेली खिडकीच दिसणार! दुसऱ्या दिवशी त्यांनी "सगळं पुसून नव्याने सुरू करायचं का?" या मशीनच्या प्रश्नाला जड अंतःकरणाने होकार दिला. एवढ्या कष्टाने घरी पोचवलेला माणूस त्यांनी स्वतःच्या हाताने परत रानात सोडला आणि शनिवार सकाळपर्यंत धापा टाकत घंटाघराच्या पायथ्याशी आणून उभा केला.

वाटेत सुप्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकून अनिमेष उशिराच आला. पण आल्यावर तो टीव्हीसमोर बसायचं नाव काढेना. आधी चहा, मग गळका नळ, मग पंख्याचा आवाज. "दुपारी बघू," तो म्हणे. "हो, हो, काय घाई आहे!" सुमंतराव म्हणत. शेवटी शेंगोळ्यांची ताटं उचलताना रंगुबाईच म्हणाल्या, "आवो दादा, येवढं पुन्याहून आलाय, काकांला ती घंटी दाखवा की!"

अनिमेषने पँटला हात पुसून रिमोट घेतला. पहिली उडी थेट विहिरीत. दुसरीही तिथेच.

"रिमोट घसरतोय."

"नवाच आहे. तूच पाठवलास."

"उजेड येतोय डोळ्यांवर."

सुमंतरावांनी पडदा ओढला. छत्रीवाला तरीही पडत राहिला. रंगुबाई कळवळल्या. "काका, तुमीच दाखवा की! परवा कसं फटाफट गेल्ता पल्याड! घरी बी पोचला हुता त्यो!"

धरणीने पोटात घ्यावं असं सुमंतरावांना झालं.

"माहीत आहे मला, मावशी," अनिमेष पडद्याकडेच बघत म्हणाला. "गेमवरचं खातं माझंच आहे. बाबांनी काहीही पार केलं की माझ्या मोबाईलवर येतं. घंटाघर ओलांडलं तेव्हा मी ऑफिसात उभा राहून टाळ्या वाजवल्या. लोक बघायला लागले. आणि संध्याकाळी फोन केला तर हे म्हणतात, पडतोच आहे."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी काय बोललो असतो आपण?"

सुमंतरावांनी मान डोलावली. मग एकदम आठवून ते उसळले, "अरे, पट्टा बांधून हिंडलो मी गावभर! डोळ्यांत थेंब घातले! आणि तुला... तुला हे येतच नाही?"

"कधीच आलं नाही. कॉलेजात होतो तेव्हा या घंटाघरापाशीच खेळ सोडून दिला होता. ऑफिस सुटलं की व्हिडिओ बघून पाठ करायचो आणि मग तुम्हाला फोन लावायचो."

सुमंतरावांचं रागवायचं राहूनच गेलं. मुलाच्या पाठीवर हात ठेवावा असं त्यांना फार वाटलं, पण तीही सवय नव्हती. "सरक तिकडे," ते म्हणाले आणि त्याला खेटून बसले. "अंगठा असा ताठ नको. आणि येऊ दे तिला आपल्याकडे. येऊ दे... अरे, घाई कसली आहे तुला!"

रविवारी संध्याकाळी तारकपूर स्टँडवर सुमंतराव मुलाला सोडायला गेले, तेव्हा दुसऱ्या घंटेपर्यंतही त्याची मजल गेलेली नव्हती. बस सुरू झाली तसं अनिमेषने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"पुण्याला नवा डबा आहे माझ्याकडे. त्यावर हाच गेम टाकतो. रोज संध्याकाळी फोन करीन, सांगा मला."

"कर की," सुमंतराव म्हणाले. बस हलली तसे ते खिडकीबरोबर चार पावलं चालत गेले. "पण हे बघ, अनिमेष..."

"काय?"

"फार लवकर शिकू नकोस."