रेवाबाईंनी हुजुरांपुढे कोरे कागद मांडिले, ती हकीकत

श्रीविद्युल्लता प्रसन्न. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, एका राज्यात जे वर्तमान वर्तले ते ऐकिले तैसे लिहितो. त्या राज्यात फोनचे चार्जर बनत. आणि चार्जरचे सर्किट कारखान्यात धाडण्यापूर्वी ते संगणकात लटकेच चालवून पाहावे, पौषाच्या थंडीत कैसे, वैशाखाच्या उन्हात कैसे, ऐसी रीत होती. यास सिम्युलेशन म्हणत. त्यातून आकड्यांच्या राशी निघत आणि भिकाजीपंत आलेखनवीस एकेक रास घेऊन एकेक आलेख हाताने सजवीत. काम बहुत निगुतीचे. परंतु आलेख पुरे होईतो सर्किटच बदललेले असे. मग रेवाबाई पोतनीस नव्याने चाकरीस आल्या, बुद्धीने तल्लख आणि जिभेने त्याहून, आणि त्यांनी मनसुबा केला की संगणकासच हुकूमनामा लिहून द्यावा, म्हणजे तो आपण होऊन राशी वाचील आणि आलेख काढील. या हुकूमनाम्यास स्क्रिप्ट म्हणत. राज्याचे धनी श्रीमंत, त्यांनी फर्माविले, "दरबारात करून दाखवा. साधले तर आलेखखाना तुमचा. फसले तर स्क्रिप्ट मोडीत, आणि पुन्हा पंतांचा हात."

"फसायचं कारण नाही, श्रीमंत," बाई म्हणाल्या, आणि खरोखरच त्यांना तसेच वाटत होते.

आता त्या राज्याचा रिवाज सांगणे प्राप्त. हुजुरांपुढे कागद कोरा ठेवणे ही बेअदबी गणली जाई, म्हणोन आलेखाची लाट तळापासून माथ्यापर्यंत भरावी लागे. बाईंनी रिवाज जाणून स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली की लाट लहान असो वा मोठी, ताणून कागद भरावा. मग दरबार भरला, बाईंनी कळ दाबिली, आणि विडा लावून होतो न होतो तोच आलेखांचा ढीग पडला, सारे भरगच्च, सारे देखणे. विजेचा दाब पाच व्होल्टांवर किती थरथरतो ते त्यात दिसावयाचे होते. श्रीमंत संतोष पावले आणि सर्किट कारखान्यात धाडण्याचा हुकूम देऊ लागले. तेव्हा भिकाजीपंत पोटातल्या जळफळाटाने बोलिले, "बाई, पौषातला कागद नि वैशाखातला कागद अदलाबदल झाला, तर ओळखाल कसा? सगळे जुळे भाऊ दिसताहेत."

दरबार हसला. बाईही हसावयास गेल्या आणि थबकल्या, कारण पंत टोमणा मारीत होते तरी बोलणे खरे होते. ताणून ताणून मुंगी आणि हत्ती एकाच मापाचे जाहले होते. बाईंनी कडेचे मापाचे बारीक आकडे वाचिले, तो वैशाखातला दाब पाच व्होल्टांपासून भलताच दूर उसळत होता. गप्प राहावे तर आलेखखाना हाती होता. परंतु त्या सर्किटाने लोकांचे फोन जळते, आणि हे बाईंस सोसवेना.

"हुकूम थांबवावा, श्रीमंत," बाई म्हणाल्या. मग ताणण्याची ओळ पुसली, सर्व आलेखांस एकच माप लाविले आणि पुन्हा कळ दाबिली. कागद आले ते कोरेच म्हणावे ऐसे, मधून एक सरळ रेघ, बाकी पांढरे. दरबारात कुजबुज उठली, चोपदार डोळे वटारू लागले, आणि बाईंनी तेच कागद एकेक करून हुजुरांपुढे मांडिले. शेवटी वैशाखाचा आलेख मांडिला. त्यावर लाट पिसाळल्यागत वरखाली उसळत होती.

श्रीमंतांनी तो कागद वैशाखाच्या मघाच्या कागदाशेजारी धरिला. मग विचारिले, "हे मघाशी कोणी झाकले?"

"माझ्या स्क्रिप्टनं."

"आणि आता उघडे कोणी केले?"

"तिनंच. पंतांनी टोचलं म्हणून." भिकाजीपंतांनी उगाच पागोटे सारखे केले.

श्रीमंत म्हणाले, "आलेखखाना तुमचा. पंतांना शेजारी बसवा, टोचायला."

येणेप्रमाणे सर्किट दुरुस्तीस माघारी फिरले, स्क्रिप्ट कायम जाहली, आणि कागद कोरा ठेवण्याची मुभा मिळाली. वैशाखात घरोघर फोन चार्जिंगला लागले आणि काहीच घडले नाही. बाईंस ते फार गोड वाटले. इति.